पासपोर्टवरचं कुंकू

आमच्या सासरी खंडेनवमीला तलवारीची पूजा होत नाही, कारण तलवार कधी नव्हतीच. ह्यांचे पूर्वज दरबारच्या दफ्तरात लेखणी चालवणारे. माळव्यात आले ते फौजेबरोबरच, पण घोड्यावरून नव्हे, कागदांनी भरलेल्या बैलगाडीच्या मागून, असं हे स्वतःच हसत सांगायचे. त्यामुळे फ्रीगंजमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये पाटावर शस्त्रं म्हणून एक कोरडी दौत आणि दोन बोरू मांडले जात. पुढे त्यात भर पडत गेली. ह्यांचं ऑफिसातलं कॅल्क्युलेटर, माझी शाळेत नेण्याची कंपासपेटी, स्कूटरची किल्ली, मुलीचा स्टेथोस्कोप. जे माणसाला पुढे नेतं ते शस्त्र, असा ह्यांचा नियम होता. एका वर्षी त्या नियमात मिक्सरसुद्धा बसला. "मिक्सर कुणाला कुठे नेतो?" असं मी विचारलं, तर म्हणाले, "जेवणापर्यंत."

मुलगी अल्माटीला डॉक्टरकी शिकायला गेली, त्या वर्षी ह्यांनी आम्हा दोघांचे पासपोर्ट काढले. एकुलती एक मुलगी, कझाकस्तानसारख्या आम्ही नकाशात शोधून काढलेल्या देशात. "तिथे आपल्याला वीज़ा-फीज़ा काही लागत नाही," हे ह्यांचं तेव्हाचं पेटंट वाक्य. "चौदा दिवस खुल्लं जायचं. टिकट काढायचं आणि निकल पडायचं." टॉवर चौकात पोहे खाताना जो भेटेल त्याला हे ऐकावं लागे. वीज़ा नाही म्हणजे काहीच नाही असं नसतं, हे त्यांनाही ठाऊक होतं. पासपोर्टची मुदत पुढे सहा महिने तरी हवी, परतीचं तिकीट हवं, राहण्याचा पत्ता हवा, विमा हवा, हे सगळं त्यांनी वाचून ठेवलं होतं. सफरचंदाची झाडं फुलतात तेव्हा जायचं, असं बापलेकीचं फोनवर ठरलं होतं. मला कुणी विचारलं नव्हतं.

पासपोर्ट घरी आला तेव्हा मी माझा फोटो पाहिला आणि लगेच मिटून टाकला. चष्मा काढायला लावल्यामुळे माझा चेहरा उकडलेल्या बटाट्यासारखा आला होता. पुन्हा उघडून बघायची हौस मला नव्हती. खंडेनवमीला मात्र ते दोन्ही पासपोर्ट दौतीशेजारी पाटावर आले. मला वाटलं, वरून हळदकुंकू लावून मोकळे होतील. पण ह्यांनी ते उघडले, फोटोचं पान काढलं, कुंकवात पाण्याचे दोन थेंब कालवले आणि अनामिकेनं माझ्या फोटोच्या कपाळावर चांगलं ठसठशीत कुंकू लावलं.

"अहो, सरकारी कागद आहे तो!" मी ओरडलेच.

"कव्हरला लावून काय फायदा? कव्हर सगळ्यांचं सेमच असतं. फोटो तुझा आहे ना? मग तुलाच लावलं."

स्वतःच्या फोटोला त्यांनी गंधाचा टिळा लावला. माझ्या फोटोवरचं कुंकू जास्त ओलं झालं होतं; त्याचा एक ओघळ नाकाशेजारून खाली, पानाच्या तळाशी बारीक अक्षरांच्या दोन ओळी असतात तिथपर्यंत उतरला. मी पुसायला फडकं आणेपर्यंत ह्यांनी दोन्ही पासपोर्ट मिटून, रबरबँडमध्ये आवळून देवघराच्या खणात ठेवून दिले. "वाळेल गं," म्हणाले. वाळलं. मी दिवसभर फुरंगटून बसले होते, तेही आठवतं.

सफरचंदं फुलायच्या आधीच हे गेले. सकाळी दूध आणायला उतरले आणि जिन्यात बसले ते बसलेच. मुलगी मिळेल त्या विमानानं आली. दहाव्या दिवशी ह्यांच्या आत्याबाई ओलं फडकं घेऊन माझ्यासमोर येऊन बसल्या. वाईट बाई नाहीत त्या, त्यांच्या वेळी त्यांचंही कुंकू कुणीतरी असंच पुसलं होतं. पण माझं डोकं फिरलं. नवरा गेला म्हणून कपाळ गेलं का माझं? मी काही बोलायच्या आत मुलगी मध्ये आली. "आत्याआजी, हात नाही लावायचा," एवढंच ती म्हणाली, पण असं म्हणाली की आत्याबाईंनी फडकं मांडीवर ठेवलं आणि त्या रडायला लागल्या. मग आम्ही तिघीही रडलो. माझी टिकली राहिली.

मुलगी परत गेली तरी तिची धास्ती जाईना. रोज सकाळी व्हिडिओ कॉल करायची आणि आधी म्हणायची, "टिकली दाखव." सुरुवातीला मी चिडायची. मी गणिताची मास्तरीण, वर्गातल्या पन्नास पोरींची हजेरी घेणारी. आणि माझी हजेरी ही घेणार! पण हळूहळू सवय झाली. मी आधीच मोबाइल कपाळाशी धरायची, तिला पडदाभर नुसती टिकली दिसायची. "हाजिर," मी म्हणायची. मग आमचं बोलणं सुरू व्हायचं.

एका सकाळी कॉल आला नाही. मी केला तर उचलला नाही. दुसऱ्यांदा केला तेव्हा तिच्या खोलीतल्या मैत्रिणीनं उचलला. ती मंदसौरची, मला आंटी म्हणणारी, एरवी खूप बडबडी पोर.

"आंटी, घबराना मत," ती म्हणाली. "पेट में दर्द था उसके, दो-तीन दिन से। बोलती थी एसिडिटी है। अपेंडिक्स फट गया, आंटी। ऑपरेशन हो गया है, पर इन्फेक्शन फैल गया। मशीन पे रखा है। होश में नहीं आई अभी।"

मी ओट्याला धरून खाली बसले. डॉक्टर होणाऱ्या पोरीला स्वतःचं पोट कळलं नाही, याचा मला आधी राग आला. मग रागही उरला नाही. ह्यांच्या वेळी धावपळ करायलासुद्धा वेळ मिळाला नव्हता. आता वेळ होता, आणि तो हातातून सांडत होता. ती गेली तर मी कुणासाठी घरी दिवा लावायचा, असा एकच विचार डोक्यात घुमत होता. जाऊन तिच्या उशाशी बसायचं, तिनं डोळे उघडले तर समोर मी असायला हवी, आणि नाही उघडले तरीही मीच असायला हवी. यापलीकडे मला त्या दिवशी काही समजत नव्हतं.

देवघराचा खण उघडला. दोन्ही पासपोर्ट तसेच रबरबँडमध्ये. रबर वाळून चिकटलं होतं, ओढताच तुटलं. ह्यांचा पासपोर्ट परत खणात ठेवला. जायचं दोघांनी ठरलं होतं.

टॉवर चौकाच्या पुढे एक ट्रॅव्हल एजंट बसतो. ह्यांनी त्याच्याकडूनच मुलीची तिकिटं काढली होती. त्यानं मला पाणी दिलं आणि कामाला लागला. "आंटीजी, वीज़ा तो लगेगा नी, वो टेंशन मत लो। पर बाकी चीज पूरी लगेगी।" परतीचं तिकीट काढलं, चौदा दिवसांच्या आतलं. विमा काढला. मंदसौरच्या पोरीकडून हॉस्पिटलचं पत्र आणि होस्टेलचा पत्ता मागवला. तो तिथल्या लिपीत आला, त्यातलं एक अक्षरही मला वाचता येईना. एजंट सगळं छापत होता आणि मी मोबाइलकडे बघत होते, पुन्हा वाजतो की काय या भीतीनं. वाजायला हवा होता आणि वाजायला नको होता.

मग त्यानं पासपोर्ट उघडला आणि थांबला.

"ये क्या लग गया इसपे?"

"पूजा का है," मी म्हणाले.

"इसको साफ कर लेना, आंटीजी। ये नीचे की लाइन मशीन पढ़ती है। और चेहरे पे भी दाग है। दिल्ली में रोक लेंगे।" त्यानं नखानं जरा खरवडून बघितलं. "रंग तो पक्का बैठा है, भैरवगढ़ की छपी चादर सरीखा। पर स्पिरिट से निकल जाएगा।"

मी त्याच्या हातातून पासपोर्ट जवळजवळ हिसकावूनच घेतला.

घरी येऊन बॅग भरली. त्यात काय घातलं, देव जाणे. नंतर त्यात ह्यांचा एक हातरुमाल आणि शाळेचे दोन खडू निघाले. मग औषधांच्या डब्यातला कापूस आणि स्पिरिटची बाटली घेऊन टेबलाशी बसले. फोटोचं पान उघडलं. त्या बटाट्यासारख्या चेहऱ्यावर ते कुंकू. कडेला त्यांच्या बोटाची रेघ उमटलेली दिसत होती. समोरच्या पानावरही त्याचा लाल ठसा उठला होता.

माझ्यानं होईना. मी कर्मकांडातली बाई नाही. व्रतं मी कधीच सोडून दिली, आत्याबाईंशी त्यावरून वर्षानुवर्षं वाजलं. पण त्या दुपारी माझी बुद्धी गहाण पडली होती. आत्याबाईंना जे करू दिलं नाही, मुलीनं मध्ये पडून जे वाचवलं, ते मी माझ्या हातानं करायचं? आणि तेही आज, ती मशीनवर असताना? जे आहे त्यातलं काहीही पुसलं की ती पण पुसली जाईल, असं काहीतरी वेडगळ माझ्या मनानं घेतलं. वर्गात एखाद्या पोरीनं असं म्हटलं असतं तर मी तिला फळ्यासमोर उभी केली असती. मी बाटलीचं झाकण लावलं. म्हटलं, रोखतील तेव्हा बघू. कदाचित नाही रोखणार. हताश माणूस स्वतःला काय वाटेल ते पटवतो.

देवास गेटवरून टॅक्सी केली, इंदूरला विमान पकडलं. दिल्लीत उतरेपर्यंत मंदसौरच्या पोरीचा एकच निरोप होता: "वैसी ही है, आंटी।" तेवढ्यावर मी जगत होते.

दिल्लीच्या काउंटरवरच्या मुलीनं हसून पासपोर्ट घेतला, मशीनवर ठेवला. मशीन वाचेना. तिनं उलटा करून ठेवला, घासून ठेवला. मग पान नीट बघितलं आणि तिचं हसू गेलं.

"मैम, ये पेज तो खराब है। इस पर हम बोर्डिंग नहीं दे सकते।"

मी हॉस्पिटलचं पत्र तिच्यापुढे सरकवलं. मागे रांग होती, लोक ट्रॉल्या पुढे ढकलत होते, कुणी तरी "जल्दी कीजिए" म्हणालं. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो दोन पावलं मागे सरकला. पण त्या रागात काही दम नव्हता. माझी पोर साडेतीन तासांच्या विमानापलीकडे निजली होती आणि मध्ये एवढीशी लाल रेघ होती.

तिनं तिच्या साहेबाला बोलावलं. तो मध्यमवयीन, थकलेला माणूस. त्यानं पान उजेडात धरलं, बोट फिरवून बघितलं.

"लेमिनेशन ठीक है। दाग ऊपर-ऊपर है। साफ हो जाए और मशीन पढ़ ले, तो मैं जाने दूँगा। नहीं तो वहाँ वाले उसी फ्लाइट से वापस भेज देंगे आपको।"

"कर दीजिए," मी म्हणाले.

"हम हाथ नहीं लगा सकते, मैम। आपका पासपोर्ट है, आप ही को करना पड़ेगा।" त्यानं सॅनिटायझरची बाटली आणि टिश्यूचा गठ्ठा माझ्यासमोर ठेवला. "काउंटर बंद होने में टाइम कम है।"

काउंटरच्या कडेला उभी राहून मी टिश्यू ओला केला. आधी खालच्या ओळी पुसल्या. रंग सुटला, टिश्यू गुलाबी झाला. मग ओघळ पुसला, नाकाशेजारचा, गालावरचा. कपाळाला हात लावला नाही. पान त्या मुलीला दिलं. मशीननं वाचलं! ती मुलगीसुद्धा खुश झाली. मी बॅग उचलून पट्ट्यावर ठेवायला वाकलेसुद्धा.

"ये भी," साहेब म्हणाला. त्याचं बोट फोटोच्या कपाळावर होतं. "चेहरा साफ दिखना चाहिए।"

"ये मेरे हसबंड ने लगाया था," मी म्हणाले. का म्हणाले कोण जाणे. त्याला त्याचं काय!

त्यानं माझ्याकडे बघितलं, पत्राकडे बघितलं. "मैम, बेटी के पास जाना है ना?"

मी नवा टिश्यू घेतला. समोर आत्याबाई ओलं फडकं घेऊन बसल्या आहेत असा भास झाला, आणि या वेळी मध्ये येणारी कुणी नव्हती. ती तिकडे नाकातोंडात नळ्या घेऊन पडली होती, आणि तिच्याचकरता हे करायचं होतं. मनात म्हटलं, अहो, मला माफ करा, आणि नाही केलंत तरी चालेल, पण तिला सोडा. मी घासायला लागले. कुंकू लगेच सुटेना. ह्यांनी पाण्याचे दोन थेंब जास्त टाकले होते, म्हणूनच ते इतकं पक्कं बसलं असणार. मी आणखी सॅनिटायझर ओतलं, आणि डोळ्यांतून जे वाहत होतं ते पानावर पडू नये म्हणून मान वळवून, न बघताच घासत राहिले. नोकरीत, संसारात, ह्यांच्या चितेपाशीसुद्धा मला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं.

"हो गया, मैम। बस, हो गया," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "अब तो बिंदी ही रह गई।"

मी बघितलं. कुंकू गेलं होतं. त्याच्या जागी, चकचकीत कागदाच्या आत, माझी मरून टिकली होती. पासपोर्टच्या ऑफिसात फोटो काढला तेव्हा लावलेली, रोजचीच, छोटी. ह्यांनी बरोब्बर तिच्यावरच कुंकू टेकवलं होतं, म्हणून इतके दिवस दिसली नव्हती. मी बोटानं घासून बघितलं. नखानं खरवडून बघितलं. ती निघण्यातली नव्हती.

मी काउंटरवर डोकं टेकून मोठ्यानं रडले. रांगेतल्या कुणीही जल्दी कीजिए म्हटलं नाही. साहेबानं बोर्डिंग पास स्वतः माझ्या हातात दिला आणि कुणाला तरी फोन करून सांगितलं की एक बाई येत आहेत, त्यांना पुढे घ्या. लाल झालेले टिश्यू मी कचऱ्यात टाकू शकले नाही. पर्सच्या आतल्या कप्प्यात कोंबले.

अल्माटीला खिडकीमागच्या अधिकाऱ्यानं पासपोर्ट घेतला. त्याला माझी भाषा येत नव्हती, मला त्याची. परतीचं तिकीट, विमा, पत्र, सगळं मी एकदमच पुढे ढकललं. त्यानं पत्र वाचलं. मग फोटो बघितला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा फोटो. रडून, न झोपून माझं जे काही झालं होतं, त्यात आणि त्या बटाट्यात सारखं काय सापडणार? त्यानं स्वतःच्या दोन भुवयांच्या मध्ये बोट ठेवलं आणि भुवया उंचावल्या. मी कपाळाला हात लावला. टिकली नव्हती. विमानात खिडकीला डोकं टेकून बसले होते, तिथेच कुठे तरी चिकटून राहिली असणार.

मी पर्स उघडली. टिकल्यांचं पाकीट मुलीसाठी म्हणून घेतलं होतं. त्यातली एक काढून, आरशाशिवाय, त्या माणसासमोर लावली. त्यानं फोटो बघितला, मला बघितलं, मान हलवली आणि शिक्का मारला.

मंदसौरची पोर बाहेर उभी होती. मला बघून ती गळ्यात पडली. काही झालंय का, ते तिच्या चेहऱ्यावरून मला कळेना, आणि विचारायची ताकद नव्हती. टॅक्सीत तिनं माझा हात सोडला नाही. रस्त्याच्या कडेला बर्फ होतं, झाडं उघडी होती, ती सफरचंदाची की कसली ते मी विचारलं नाही.

हॉस्पिटलात त्यांनी मला हिरवा झगा घातला, टोपी घातली, तोंडाला मास्क बांधला. माझं कपाळ तेवढं उघडं राहिलं. पलंगावर माझी मुलगी एवढीशी होऊन पडली होती. नळी काढली आहे, सकाळी काढली, स्वतःचा श्वास घेते आहे, पण डोळे उघडत नाही, असं मंदसौरच्या पोरीनं डॉक्टरांचं बोलणं समजून घेऊन मला हळूच सांगितलं. मी उशाशी बसले. तिचं नाव घेतलं. बाळपणीचं नाव घेतलं. काहीच झालं नाही. तिचा हात थंड होता, तो मी दोन्ही हातांत धरून बसून राहिले. चौदा दिवसांपैकी पहिला दिवस असाच चालला होता.

मग मला सुचलं ते मी केलं. पुढे वाकले, माझं कपाळ तिच्या तोंडासमोर नेलं, मोबाइल धरायची तसं अगदी जवळ, आणि म्हटलं, "हाजिर."

किती वेळ तशी वाकून राहिले, माहीत नाही. कंबर मोडायला आली होती. तिच्या पापण्या हलल्या, पुन्हा मिटल्या, पुन्हा हलल्या. तिनं डोळे उघडले. आधी माझ्या कपाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आई," ती म्हणाली, "पाणी."